उष्ण पाण्याचे रेडिएटर आणि जुने घर : ब्रिटनमधील गृहतापनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

घराच्या इतिहासात वास्तुशैली, मालकी आणि कुटुंबरचना यांचा विचार विपुल झालेला आहे. घरातील उबेचा विचार मात्र त्या मानाने थोडा झालेला दिसतो. महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशातील अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे घर थंड राखण्यासाठी जाड भिंती, पडवी, चौक आणि कौले योजिली गेली. थंडीचे चार दिवस घोंगडी व शेगडी यांवर निभावले. वायव्य युरोपात मात्र वर्षातील सहा-सात महिने घर तापविणे हा जगण्याचाच प्रश्न होता. ब्रिटनमध्ये तर या प्रश्नाला विशेष धार आली. औद्योगिक क्रांतीत उभी राहिलेली लक्षावधी विटांची घरे तेथे आजही वापरात आहेत आणि उष्णता धरून ठेवण्याची त्यांची क्षमता अल्प आहे. इंग्लंडमधील सुमारे एक-पंचमांश घरे १९१९ पूर्वी बांधलेली आहेत. तेथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांनाही अशा घरातील पहिल्या हिवाळ्याचा अनुभव आहे.

अशा घरांना उब देण्याचे मुख्य साधन म्हणजे उष्ण पाण्याचे रेडिएटर. या साधनाचा इतिहास प्रस्तुत निबंधात मांडला आहे. ब्रिटनमध्ये घराच्या भिंती न सुधारता इंधन वाढवून ऊब मिळविण्यात आली. इंधन स्वस्त असेतोवर ही तडजोड झाकली गेली आणि ते महाग होताच तिची किंमत प्रामुख्याने निर्धन कुटुंबांना मोजावी लागली, हे या निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) उष्ण पाण्याच्या तापनपद्धतीचा उगम व विकास पाहणे.
२) ब्रिटिश घरांत तिचा प्रसार उशिरा होण्याची कारणे शोधणे.
३) उष्णतारोधन नसलेल्या घरात या पद्धतीला पडणाऱ्या मर्यादा स्पष्ट करणे.
४) त्यातून उद्भवलेल्या सामाजिक प्रश्नाचा व सध्याच्या बदलाचा विचार करणे.

१. जुन्या घराची रचना आणि उघडी शेकोटी

व्हिक्टोरियन काळातील सर्वसामान्य ओळघराची बाह्य भिंत सुमारे नऊ इंच जाडीची, सलग विटांची असे. दोन भिंतींमध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकानंतर सार्वत्रिक झाली. खिडक्या वरखाली सरकणाऱ्या व एकेरी काचेच्या, तळमजल्याची जमीन लाकडी फळ्यांची आणि फळ्यांखाली हवा खेळती राहावी म्हणून भिंतीत जाळ्या, अशी ही रचना होती. प्रत्येक मुख्य खोलीत कोळशाची शेकोटी व तिचे धुराडे असे.

या रचनेत एक अंतर्गत सुसंगती होती, हे लक्षात घेतले पाहिजे. शेकोटीला जळण्यासाठी हवा लागे आणि ती खिडक्यादारांच्या फटींतून येई. त्याच हवेबरोबर घरातील दमटपणाही धुराड्यावाटे बाहेर पडे. चुन्यात बांधलेली भिंत ओलावा शोषून घेई व कोरड्या दिवसांत तो सोडून देई. घर गळके होते, पण कोरडे होते. मात्र इंधनाच्या दृष्टीने ही व्यवस्था अत्यंत उधळी होती. उघड्या शेकोटीतील बहुतांश उष्णता धुराड्यातून निघून जाई. काउंट रमफर्ड याने १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात धुराड्याचा गळा अरुंद करण्याचा व शेकोटीच्या बाजू तिरप्या ठेवण्याचा उपाय सुचविला. त्याने धूर कमी झाला आणि ऊब काहीशी वाढली. तथापि शेकोटीसमोर बसणाऱ्याचे तोंड भाजावे आणि पाठ गारठावी, ही स्थिती कायम राहिली.

२. पाण्याचे अभिसरण : हरितगृहापासून दिवाणखान्यापर्यंत

उष्ण पाण्याने जागा तापविण्याचे आरंभीचे प्रयोग माणसांसाठी नव्हते, ही या इतिहासातील लक्षणीय बाब आहे. स्वीडिश अभियंता मार्टेन ट्रीवाल्ड याने १७१६ मध्ये न्यूकॅसल येथे हरितगृहासाठी अशी योजना केल्याचे सांगितले जाते. फ्रान्समध्ये बोनमँ याने १७७७ मध्ये कोंबडीची अंडी उबविण्यासाठी उष्ण पाण्याचे नळ वापरले आणि तापमान आपोआप नियंत्रित करणारे साधनही त्याला जोडले. रोपे व अंडी यांना अखंड, सौम्य आणि धूरविरहित ऊब लागते. शेकोटी ती देऊ शकत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मार्क्विस द शाबान याने लंडनमध्ये हीच पद्धत मानवी वास्तव्यासाठी पुढे आणली.

या पद्धतीचे तत्त्व मराठी वाचकाला न्हाणीघरातील तांब्याच्या बंबावरून सहज समजेल. बंबाच्या मधल्या नळकांड्यात विस्तव असतो आणि भोवती पाणी. तापलेले पाणी हलके होऊन वर येते व गार पाणी खाली बसते. याच बंबाला वरून एक नळ काढून तो घरभर फिरविला आणि खालून परत आणला, तर पाणी आपोआप फिरू लागेल. ८० अंश सेल्सिअसच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे ९७२ किलोग्रॅम, तर ६० अंशांच्या पाण्याची सुमारे ९८३ किलोग्रॅम असते. या फरकामुळे प्रत्येक मीटर उंचीमागे केवळ अकरा मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब निर्माण होतो. इतक्या क्षीण प्रेरणेवर पाणी फिरवायचे तर नळ जाड हवेत, वळणे थोडी हवीत आणि बॉयलर घराच्या तळाशी हवा. आरंभीच्या योजना अवजड व महाग असण्याचे कारण येथे आहे.

अँजियर मार्च पर्किन्स याने १८३१ मध्ये पेटंट घेतलेली पद्धत या अडचणीवरील एक धाडसी उत्तर होते. त्याने सुमारे एक इंच बाह्य व्यासाच्या जाड लोखंडी नळीचे बंद मंडल तयार करून त्यातील पाणी उच्च दाबाखाली १०० अंशांच्या पुष्कळ वर तापविले. वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी लंडनमधील आपल्या घरात तापनाच्या अनेक पद्धती असमाधानकारक ठरल्यानंतर १८३२ मध्ये पर्किन्सची पद्धत बसविली. ते घर पुढे संग्रहालय झाले. तथापि अतितप्त नळीलगतचे लाकूड पेट घेईल, ही धास्ती विमा कंपन्यांना वाटू लागली. उच्च दाबाची पद्धत काही सार्वजनिक इमारतींत राहिली. घरगुती वापरासाठी कमी दाबाची, संथ वाहणारी पद्धतच अधिक सुरक्षित मानली गेली. चार्ल्स हूड यांचा उष्ण पाण्याच्या तापनावरील ग्रंथ १८३७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या विषयाला शास्त्रीय बैठक लाभली.

३. ओतीव लोखंडाचा रेडिएटर

नळ्यांच्या लांबच लांब रांगांऐवजी खोलीत एका जागी ठेवता येईल असे उष्णता देणारे साधन घडविण्याचे श्रेय सामान्यतः सेंट पीटर्सबर्ग येथील उद्योजक फ्रान्झ सान-गाली याला दिले जाते. त्याचे काम १८५० च्या दशकातील आहे. रशियाच्या हिवाळ्यात या शोधाची गरज निराळी सांगावयास नको. अमेरिकेत नेल्सन बंडी याच्या १८७० च्या दशकातील रचनेनंतर ओतीव लोखंडाच्या रेडिएटरचे मोठे उत्पादन सुरू झाले. १८९२ मध्ये अमेरिकन रेडिएटर कंपनी स्थापन झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्याशी संबंधित उद्योगाने इंग्लंडमधील हल येथे कारखाना उभारला.

‘रेडिएटर’ या नावाचा अर्थ प्रारण करणारा असा असला, तरी हे साधन आपल्या उष्णतेचा मोठा भाग हवेच्या अभिसरणातूनच देते. रेडिएटरलगतची हवा तापून वर जाते, छतालगत पसरते आणि गार होऊन खाली उतरते. तो खिडकीखाली बसविण्याची प्रथा याच कारणाने पडली. गार काचेवरून खाली घसरणाऱ्या हवेला तो तेथेच अडवितो. त्यामुळे खोली सर्वत्र सारखी उबदार वाटते. मात्र त्यासाठी उष्णता खर्च होते ती खोलीतील सर्वांत दुबळ्या जागी.

४. ब्रिटनमधील विलंब

तंत्राचा बराच विकास ब्रिटनमध्ये होऊनही ते तेथील घरांत उशिरा पोहोचले. जर्मन वास्तुविशारद हेरमान मुथेझियस यांनी १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्लिश घरावरील ग्रंथात इंग्रजांच्या शेकोटीप्रेमाची व केंद्रीय तापनाविषयीच्या अनास्थेची दखल घेतली आहे. या अनास्थेची तीन कारणे संभवतात. पहिले, कोळसा मुबलक व स्वस्त होता. दुसरे, श्रीमंत घरांत शेकोट्या पेटविण्याचे, राख काढण्याचे व कोळसा वाहण्याचे श्रम नोकर करीत. श्रमाची किंमत मालकाला जाणवत नव्हती. तिसरे कारण सांस्कृतिक होते. शेकोटी ही कुटुंबाच्या एकत्र बसण्याची जागा मानली जाई. जॉर्ज ऑर्वेल यांनी डिसेंबर १९४५ मध्ये एका वृत्तपत्रीय लेखात उघड्या शेकोटीचा पुरस्कार केला, तो प्रामुख्याने याच भूमिकेवरून.

येथे एक सामाजिक भेद नोंदविणे आवश्यक आहे. श्रमिकांच्या घरात बहुधा एकच शेकोटी पेटत असे, तीही स्वयंपाकाची. शयनगृहात शेकोटी असली तरी ती आजारपणातच पेटे. म्हणून ‘शेकोटीची संस्कृती’ ही बहुसंख्यांच्या बाबतीत एका खोलीच्या उबेची आणि उरलेल्या घराच्या गारठ्याची संस्कृती होती.

५. धुके, कायदा, पंप आणि वायू

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत हे चित्र पालटले. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात लंडनवर विषारी धुक्याचे आवरण राहिले. मृत्यूंचा तत्कालीन अंदाज सुमारे ४,००० होता. नंतरच्या अभ्यासांनी तो १२,००० पर्यंत नेला. या आपत्तीत घरगुती कोळशाच्या धुराचा वाटा मोठा होता. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने धूर-नियंत्रण क्षेत्रे निर्माण केली आणि उघड्या शेकोटीच्या वर्चस्वाला कायदेशीर मर्यादा पडली.

याच दशकात तंत्रातही निर्णायक बदल झाला. विजेवर चालणारा लहान पंप जोडल्याने पाणी ढकलण्यासाठी घनतेच्या फरकावर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. परिणामी जाड नळांच्या जागी अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या नळ्या पुरेशा झाल्या. त्या जुन्या घराच्या फळ्यांखालून सहज नेता येत. अवजड ओतीव रेडिएटरची जागा पत्र्याच्या चपट्या रेडिएटरने घेतली. पाणी वेगाने व अधिक तापमानाला फिरू लागल्याने रेडिएटरचा आकार लहान ठेवता आला. बॉयलरमधून सुमारे ८२ अंशांना पाणी निघावे व ७१ अंशांना परतावे, हा ब्रिटिश प्रघात पुढे दीर्घकाळ टिकला.

१९६१ च्या पार्कर मॉरिस अहवालाने बाहेर शून्याखाली एक अंश असताना बैठकीच्या भागात सुमारे १८ अंश आणि स्वयंपाकघर व मार्गिकांत सुमारे १३ अंश तापमान राखता यावे, अशी अपेक्षा मांडली. शयनगृहांचा त्यात समावेश नव्हता, यावरून त्या काळातील उबेची कल्पना किती माफक होती हे दिसते. पुढे १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ ते १९७७ या काळात एक कोटीहून अधिक ग्राहकांची उपकरणे या वायूला अनुकूल करण्यात आली. स्वच्छ व स्वस्त इंधन घरोघरी नळाने पोहोचले. १९७० च्या सुमारास ब्रिटनमधील सुमारे तीन-दशांश घरांत केंद्रीय तापन होते. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये ते नसलेली कुटुंबे जेमतेम २.७ टक्के उरली. एका पिढीच्या अवधीत शेकोटीचे राष्ट्र रेडिएटरचे राष्ट्र झाले.

६. भिंतीचा हिशोब

हे परिवर्तन घडत असताना भिंतींकडे मात्र फारसे लक्ष दिले गेले नाही. इंग्लंड व वेल्सच्या बांधकाम नियमांत उष्णतारोधनाची अट १९६५ पासून आली, परंतु ती नव्या घरांपुरती आणि तीही सौम्य होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर ती क्रमाक्रमाने कडक झाली. आधी बांधलेली घरे जशीच्या तशी राहिली.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका ओळघराची उघडी भिंत ६० चौरस मीटर, खिडक्या १५ चौरस मीटर आणि आतील हवा २०० घनमीटर आहे असे मानू. आत २० अंश व बाहेर शून्य अंश तापमान आहे. सलग विटांच्या भिंतीचे यू-मूल्य, म्हणजे एका अंशाच्या फरकाला प्रत्येक चौरस मीटरमधून जाणारी उष्णता, सुमारे २ वॅट धरल्यास भिंतींतून २,४०० वॅट उष्णता जाते. एकेरी काचेचे हे मूल्य ५ धरल्यास खिडक्यांतून १,५०० वॅट जाते. फटींमुळे घरातील हवा तासाला दोनदा बदलत असेल, तर ती तापविण्यास सुमारे २,६४० वॅट लागतात. छप्पर व जमीन सोडूनही एकूण नुकसान साडेसहा हजार वॅटच्या घरात जाते. यातील फटींचा वाटा भिंतींहून मोठा आहे, ही बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

अशा घरात रेडिएटर नादुरुस्त नसतानाही अपुरे वाटतात. ते उष्णता देत असतात. घर ती धरून ठेवत नाही. जाड भिंत तापण्यास अनेक तास लागतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ बॉयलर चालविल्यास हवा तापते, पण भिंती गारच राहतात. माणसाच्या शरीरातून गार भिंतींकडे उष्णतेचे प्रारण होत राहते. परिणामी तापमापक समाधानकारक आकडा दाखवीत असूनही अंगातील शहारा जात नाही.

७. किरकोळ उपाय आणि ओलाव्याचा प्रश्न

या स्थितीत गृहस्थांनी व कारागिरांनी अनेक व्यवहारी उपाय रूढ केले. रेडिएटरच्या वरच्या भागात साठलेली हवा काढणे. बॉयलरजवळच्या रेडिएटरकडे पाण्याचा बहुतेक प्रवाह जाऊ नये म्हणून झडपा कमी-अधिक उघडून समतोल साधणे. आत साचलेला काळा लोहगाळ धुऊन काढणे. बाह्य भिंतीवरील रेडिएटरच्या मागे चकाकता परावर्तक पत्रा लावणे. लांब पडदे रेडिएटरवर न येऊ देता खिडकीच्या चौकटीतच संपविणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. डेन्मार्कमधील मॅड्स क्लाउसेन यांनी १९४० च्या दशकात विकसित केलेल्या तापमान-नियंत्रक झडपेमुळे प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्रपणे राखणे शक्य झाले.

फटी बुजविणे हा त्यांहून परिणामकारक उपाय होय. परंतु येथे जुन्या घराची मूळ सुसंगती आड येते. धुराडे बंद केले, खिडक्या घट्ट केल्या आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला, की ओलावा बाहेर पडण्याचे मार्ग खुंटतात. स्वयंपाक, स्नान व वाळत घातलेले कपडे यांतील बाष्प गार कोपऱ्यांत साचून तेथे बुरशी धरते. विल्यम मॉरिस यांच्या पुढाकाराने १८७७ मध्ये स्थापन झालेली प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाची संस्था जुन्या भिंतीची ही ‘श्वास घेण्याची’ गरज सातत्याने मांडत आली आहे. म्हणजे उष्णतारोधन करू नये असे नव्हे. ते भिंतीचा स्वभाव ओळखून, बाष्प जाऊ देणारे पदार्थ वापरून आणि वायुवीजनाची तजवीज ठेवून केले पाहिजे.

८. उबेची विषमता

स्वस्त वायूच्या काळात गळक्या घराचा दोष इंधनाने झाकला गेला. तो उघडा पडला तो गरिबांच्या घरांत. ब्रेंडा बोर्डमन यांच्या १९९१ मधील ‘फ्युएल पॉव्हर्टी’ या ग्रंथाने या प्रश्नाला निश्चित रूप दिले. घर पुरेसे उबदार ठेवण्यास उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागणारे कुटुंब इंधन-दरिद्री मानण्याची व्याख्या त्यानंतर रूढ झाली. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, हे दारिद्र्य केवळ अल्प उत्पन्नातून येत नाही. घर व त्यातील उपकरणे सुधारण्यास लागणारे भांडवल नसणे हे त्याचे मूळ आहे. निर्धन भाडेकरू सर्वांत अकार्यक्षम घरात राहतो आणि तितक्याच उबेसाठी अधिक इंधन जाळतो. भिंत सुधारण्याचा अधिकार मालकाकडे आणि इंधनाचे देयक भाडेकरूकडे, अशी ही विभागणी आहे.

युक्रेन युद्धाच्या काळात या प्रश्नाची तीव्रता पुन्हा दिसली. नमुनादाखल कुटुंबाच्या वार्षिक ऊर्जाखर्चाची नियामक मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती; ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने हस्तक्षेप करूनही अशा कुटुंबाचा वार्षिक खर्च सुमारे २,५०० पौंडांवर स्थिरावला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हिवाळ्यात घरातील किमान तापमान १८ अंश सुचविले आहे. त्या आकड्याकडे पाहून रेडिएटर बंद ठेवणाऱ्या वृद्धाची निवड ही खऱ्या अर्थाने निवड नसते. गारठ्याचा भार हृदय व श्वसनसंस्था यांवर पडतो, हे वैद्यकीयदृष्ट्या सुस्थापित आहे.

९. कमी तापमानाच्या पाण्याकडे

गेल्या दोन दशकांत या इतिहासाला नवे वळण मिळाले आहे. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नव्याने बसविल्या जाणाऱ्या वायू-बॉयलरसाठी संघनन पद्धत सामान्यतः बंधनकारक झाली. हा बॉयलर धुरातील बाष्पाची उष्णता परत मिळवितो. मात्र त्यासाठी परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांहून गार असावे लागते. उष्णता-पंपाला तर याहूनही कमी तापमान मानवते. परंतु पाणी कोमट झाले की रेडिएटरची क्षमता झपाट्याने घटते. पाणी व खोली यांतील फरक ५० अंशांवरून २५ वर आला, तर मिळणारी उष्णता निम्मी न होता सुमारे ४० टक्केच उरते.

आता मागील उदाहरणाकडे पुन्हा पाहू. भिंतींचे यू-मूल्य ०.३ वर आणले, खिडक्यांना दुसरी काच बसवून ते २.५ केले आणि हवेचा बदल तासाला ०.७ वर आणला, तर त्याच घराचे नुकसान सुमारे २,०३० वॅट, म्हणजे पूर्वीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होते. पूर्वी सरासरी ७० अंशांच्या पाण्याने जे काम होत होते, ते त्याच रेडिएटरमधून सुमारे ४० अंशांच्या पाण्याने होऊ शकते. रेडिएटर तेच, घर तेच. बदलली ती केवळ भिंत व फट. भिंत सुधारणे शक्य नसेल तेथे रेडिएटरचे पृष्ठफळ वाढवावे लागते. संथ पाण्यासाठी घडविलेले एकोणिसाव्या शतकातील प्रशस्त ओतीव रेडिएटर जेथे टिकून आहेत, तेथे ते या कामी उपयुक्त ठरतात, हा एक ऐतिहासिक योगायोग म्हणावा लागेल.

निष्कर्ष

१) उष्ण पाण्याची तापनपद्धती हरितगृह व अंडी उबविणे या गरजांतून विकसित झाली, मानवी घरात ती नंतर आली.

२) ब्रिटनमध्ये तिचा प्रसार तंत्राअभावी नव्हे, तर स्वस्त कोळसा, स्वस्त श्रम आणि शेकोटीविषयीचे ममत्व यांमुळे लांबला. १९५६ चा कायदा, विजेचा पंप आणि नैसर्गिक वायू यांनी तो वेगाने घडवून आणला.

३) हा प्रसार भिंतींच्या सुधारणेविना झाला. त्यामुळे घराचा दोष इंधनाच्या देयकात रूपांतरित झाला आणि त्याचा भार निर्धन, वृद्ध व भाडेकरू यांवर अधिक पडला.

४) जुने घर ही भिंत, हवा, ओलावा व अग्नी यांची एकात्म व्यवस्था आहे. तिच्यातील एकच घटक बदलला की इतरांचा तोल जातो. म्हणून रेडिएटर, रोधन व वायुवीजन यांचा विचार एकत्रितपणेच करावा लागतो.

घरातील ऊब ही बॉयलरमध्ये निर्माण होत असली, तरी तिचा मुक्काम भिंतींवर अवलंबून असतो. गेल्या अर्धशतकातील धोरणांनी उष्णता निर्माण करण्यावर जेवढे द्रव्य वेचले, तेवढे ती राखण्यावर वेचले असते, तर आजच्या अनेक वृद्धांना अंथरुणात शिरून हिवाळा कंठण्याची वेळ आली नसती. हा धडा केवळ थंड देशांपुरता नाही. आपल्याकडील शहरांत पातळ भिंतींची व काचेच्या दर्शनी भागांची घरे उभारून ती वातानुकूलन यंत्रांनी गार ठेवण्याचा जो प्रघात पडत आहे, त्याच्या मुळाशीही हीच तडजोड आहे. फरक आहे तो केवळ उष्णतेच्या दिशेचा.